बोरिवलीच्या रानासाठी ट्रॅक्टर

ट्रॅक्टर घ्यायचा होता तो माझ्या जमिनीसाठी. जमीन वडिलांनी मृत्युपत्रात माझ्या नावावर केलेली, आणि ती साफसूफ करायला लागतील तेवढे पैसेही त्यांनीच मागे ठेवलेले. तरी फोर्टातल्या त्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा विक्रेत्याने एक माहितीपुस्तक माझ्या मोठ्या दिरांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या नवऱ्याच्या हातात, आणि माझ्यासाठी पंख्याखाली खुर्ची ओढली.

"बसा बाई," तो म्हणाला, "साहेबांचं बघून होईपर्यंत."

मी बसले नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, अंधेरीच्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होते, आणि त्या बारा एकरांतलं झाड न् झाड मला ठाऊक होतं. दुकानातल्या बाकी कुणीही, माझा नवरा सोडला तर, ती जमीन नीट पाहिलेली नव्हती.

जमीन बोरिवलीला, स्टेशनापासून पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी. वडिलांनी ती मी लहान असताना घेतली होती. पुढे लढाईच्या काळात सरपणाला भाव आला आणि एका ठेकेदाराने वडील आजारी असल्याचा फायदा घेऊन निम्मं रान तोडून नेलं. ऐन, खैर, किंजळ, हाताला लागेल ते. खुंट तेवढे मागे राहिले. त्या खुंटांवर घाणेरी चढली, घाणेरीत करवंदीच्या जाळ्या माजल्या, आणि वडील गेले तेव्हा खालच्या बांधावरून वरच्या अंगाला जायचं म्हटलं तरी कोयता हातात घेऊनच जावं लागे. उरलेली झाडं मात्र चांगली होती. रायवळ आंबे, दोन-तीन शिवणी, आणि मध्यभागी ओहोळाच्या काठी वडिलांनी स्वतः लावलेले दोन फणस. मला ती झाडं राखून, मधलं रान साफ करून, चिकू आणि कलमी आंबे लावायचे होते. यात वेड्यासारखं काही नव्हतं. डहाणूकडे लोक तेच करत होते.

बैलांनी खुंट निघेनात. मजुरांचा मुकादम म्हणाला, उरलेली झाडंही आम्हाला तोडू द्या, तरच खुंट काढतो. तेव्हा ट्रॅक्टरची गोष्ट निघाली, आणि ती माझ्या नवऱ्यानेच काढली. हे एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायचे. हात अतिशय सुबक. त्या थंडीत आम्ही दोघं ओळीने चार रविवार बोरिवलीला गेलो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं यांच्या. पदर खोचून मी घाणेरीत शिरायची, झाडाच्या बुंध्याला टोक लावायची आणि ओरडून सांगायची. हे वहीत आकडा लिहायचे. मग घरी बसून यांनी मोठ्या कागदावर सगळ्या जमिनीचा नकाशा काढला. राखायच्या झाडांना हिरवे गोल, खुंटांना काळ्या फुल्या. ओहोळाच्या एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरड असल्यामुळे वरच्या सात एकरांत जायला एकच वाट होती, ती त्या दोन फणसांच्या मधून. तिथे यांनी लाल शाईत लिहिलं: सहा फूट सात इंच.

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्या चार रविवारांइतकी मी यांच्याबरोबर कधी सुखात नव्हते, हे आज सांगायला हरकत नाही.

दुकानात दोन ट्रॅक्टर समोरासमोर उभे होते. एक मोठा, लाल, पुढचं तोंड रेड्यासारखं. दुसरा करडा, ठेंगणा, आटोपशीर. मोठे दीर, म्हणजे भावजी, सरळ लाल ट्रॅक्टरकडे गेले आणि त्याच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. भावजी विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्याशी ते कधीच सरळ बोलत नसत. मी समोर उभी असले तरी यांना म्हणायचे, "तिला सांग, चहा ठेव म्हणावं." सात वर्षं मी ते ऐकत आले होते.

मी विक्रेत्याला विचारलं, "दोन्हींची रुंदी किती?"

त्याने भावजींकडे बघून उत्तर दिलं. "साहेब, मोठ्याची ताकद जवळजवळ दुप्पट आहे."

"मी रुंदी विचारली," मी म्हणाले.

"सव्वासात फूट असेल, साहेब," तो परत भावजींनाच म्हणाला. "लहान साडेपाचाच्या आत बसतो. पण तो बागेसाठी ठीक. जंगल तोडायला तुम्हाला हाच पाहिजे."

मी यांच्याकडे पाहिलं. सहा फूट सात इंच हा आकडा यांच्या स्वतःच्या अक्षरातला होता. यांनी पुस्तकाचं पान उलटलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक चाळिशीचा माणूस चिंध्यांनी हात पुसत उभा होता. तो कंपनीचा ड्रायव्हर. गिऱ्हाइकाच्या जमिनीवर ट्रॅक्टर नेऊन चालवून दाखवायचं काम त्याचं. मालवणचा. माझे प्रश्न त्याने ऐकले असावेत. मी लहान ट्रॅक्टरजवळ वाकून बघायला लागले तसा तो जवळ आला आणि म्हणाला, "ह्येचा पोट बगा, वयनी. किती उंच आसा."

मग त्याने मला सगळं दाखवलं. खुंटांच्या रानात यंत्राचं पोट जमिनीपासून उंच हवं, नाहीतर खुंट तेलाच्या टाकीला लागतो. या लहान गाडीची मागची चाकं आत-बाहेर सरकवून बसवता येतात. ही गाडी दोन झाडांमध्ये फिरवून मागे वळवता येते. मोठीला वळायला अंगण लागतं. ओल्या जमिनीत मोठी आपल्याच वजनाने रुतते. "आणि खुंट?" मी विचारलं. "ही ओढेल?" तो म्हणाला, कुठलीच गाडी अख्खा खुंट उपटत नाही. आधी भोवती खणायचं, मुळं तोडायची, मग ओढायचं. मागे खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर एक लोखंडी पट्टी होती. तिच्यावर त्याने दोनदा बोट आपटलं. साखळी इथेच बांधायची. याच्या वर बांधली तर गाडी मागच्या चाकांवर उभी राहते आणि ड्रायव्हरच्या अंगावर पालथी होते.

मी हे सगळं भावजींसमोर यांना सांगितलं. भावजी हसले. यांना म्हणाले, "मेकॅनिकशी गप्पा मारून झाल्या असतील तर निघू या म्हणावं."

निघताना विक्रेता भावजींना दारापर्यंत सोडायला आला, आणि तिथे तो जे बोलला ते माझ्या कानावर पडलं. "एकदा सपाट झालं की प्लॉट पाडायला वेळ लागत नाही, साहेब. बोरिवलीला आता मागणी आहे."

मी जागच्या जागी थांबले. प्लॉट हा शब्द आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारला नव्हता. निदान माझ्यासमोर नाही.

संध्याकाळी अंधेरीला घराच्या व्हरांड्यात भावजी आरामखुर्चीत बसले, हे कठड्याला टेकले. मी दारात उभी राहिले. भावजींनी सांगितलं की रविवारी मोठा ट्रॅक्टर बोरिवलीला येतोय, चालवून दाखवतील, मग सौदा पक्का. मी म्हणाले, "तो फणसांच्या मधून जाणार नाही."

भावजी यांना म्हणाले, "फणस काय देवळातले आहेत?"

"नकाशा दाखवा ना त्यांना," मी यांना म्हणाले. "आकडा तुम्हीच लिहिलाय."

हे म्हणाले, "दादांनी विचार केला असेलच."

एवढंच. मी आत निघून गेले. थोड्या वेळाने हे खोलीत आले आणि दार लोटून हळूच म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं. मोठा ट्रॅक्टर तिथे चालणारच नाही."

"मग बाहेर का नाही बोललात?"

"दादांना असं तोंडावर बोलता येतं का? हळूहळू समजावतो मी."

"आणि प्लॉटचं काय? तुम्हाला ठाऊक होतं?"

यांनी उत्तर दिलं नाही, आणि मला उत्तर मिळालं. ठाऊक होतं. टेप धरून मी काट्यांत शिरत होते, हातांवर ओरखडे घेऊन आकडे ओरडत होते, हिरवे गोल कुठले रंगवायचे ते यांच्या शेजारी बसून सांगत होते, तेव्हाही ठाऊक होतं. मला फार राग आला. भावजींचा राग मला सात वर्षं येत होता आणि त्याची सवय झाली होती. हा राग वेगळा होता. भावजी निदान ओसरीवर आणि आत एकच बोलत. हे खोलीत माझ्या बाजूने आणि व्हरांड्यात त्यांच्या.

"तुम्ही नकाशा काढलात तो कशाला?" मी शेवटी विचारलं.

"तुला बरं वाटत होतं," हे म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बोरिवलीला उतरलो, टांगा केला आणि पायथ्याशी पोचलो. कंपनीची लॉरी आधीच येऊन थांबली होती, लाल ट्रॅक्टर खाली उतरवलेला होता. ड्रायव्हर बाजूला विडी ओढत होता, विक्रेता टोपीने वारा घेत होता. मी बांधावर चढले आणि वर पाहिलं.

फणस नव्हते.

दोन्ही नव्हते. ओहोळाच्या काठी आभाळ उघडं पडलं होतं. जवळ गेले तर दोन पांढरेपिवळे खुंट, चीक अजून गळत होता, भुसा ताजा. फांद्या ओढून बाजूला टाकलेल्या. भावजींनी शनिवारी मजूर पाठवून तोडून घेतले होते, वाट करायला. कोवळ्या कुयऱ्या पाचोळ्यात पडल्या होत्या, बोटाएवढ्या.

मी यांना विचारलं, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," हे म्हणाले. "शपथ, हे नव्हतं ठाऊक." आणि ते खरं असावं, कारण यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण पांढरा पडूनही हे भावजींना काही बोलले नाहीत. मी बोलले. सात वर्षांत पहिल्यांदा मी भावजींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "माझी झाडं कुणाला विचारून तोडलीत?"

भावजींनी माझ्या डोक्यावरून यांच्याकडे पाहिलं. "तिला म्हणावं, परक्या माणसांसमोर तमाशा नको."

हे म्हणाले, "घरी बोलू आपण."

मग भावजींनी फर्मावलं की आधी हेच खुंट काढून दाखवा. ड्रायव्हर खुंटाभोवती फिरला, टाचेने माती दाबून पाहिली आणि म्हणाला, हे कालचे तोडलेले, मुळं जिवंत आहेत, आज निघायचे नाहीत; काढायचेच तर दोन माणसं अर्धा दिवस खणायला द्या. विक्रेत्याला ते आवडलं नाही. गिऱ्हाइकासमोर यंत्राचा कमीपणा दिसत होता. तो म्हणाला, "लाव रे साखळी. ताकद कशाला आहे?"

ड्रायव्हरने खालच्या पट्टीला साखळी लावली आणि ओढून पाहिलं. चाकं जागच्या जागी फिरली, माती उडाली, खुंट हलला नाही. दोनदा, तीनदा. भावजी वैतागले. ते पुढे झाले आणि काठीने ट्रॅक्टरच्या सीटखालचा भाग दाखवत म्हणाले, "इथे वर बांध. खालून ओढतोस म्हणून चाकं घसरतायत. वरून ओढलं की चाकांवर वजन येईल."

"वर बांधूची नाय, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी तोंड उचलतली."

"मी सांगतो ना."

ड्रायव्हरने विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेता म्हणाला, "साहेब म्हणतात तसं कर."

"करू नका," मी म्हणाले. "त्याने दुकानात सांगितलंय, गाडी पालथी होते." कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. साखळी जड होती, तिचं दुसरं टोक उचलायला माणूस हवा होता. भावजी यांना म्हणाले, "धर जरा." आणि यांनी धरलं. दुकानात माझ्या तोंडून, भावजींच्या समोर, यांनी सगळं ऐकलेलं होतं. तरी यांनी साखळी उचलून दिली आणि मागे सरले.

पुढचं फार लवकर झालं. इंजिनाचा आवाज चढला, साखळी ताठ झाली, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून अलगद उचलली गेली. सावकाश उचलली जातायत असं वाटलं, आणि मग सावकाश राहिलं नाही. सगळं यंत्र मागच्या चाकांवर सरळ उभं झालं. ड्रायव्हरने डावीकडे अंग टाकलं. तो पुरता बाहेर पडायच्या आत ट्रॅक्टर त्याच बाजूला कलंडला आणि चाकावरचा पत्रा त्याच्या खांद्यावर आदळला. तो खुंटांच्या मधल्या खळग्यात पडला, म्हणून वाचला. नाहीतर तिथेच संपला असता. वर आलेलं चाक फिरत राहिलं आणि टाकीतलं तेल फणसाच्या पानांवर गळत राहिलं.

मी धावले. हेही धावले, ते मी नाकारत नाही. आम्ही दोघांनी त्याला ओढून बाजूला घेतला. त्याचा हात खांद्यापासून लोंबत होता. लॉरीच्या हौद्यात पाचोळा पसरून त्याला आडवं केलं आणि स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटभर मी त्याचा हात माझ्या पदराने बांधून धरून बसले होते. तो ओरडला नाही. एकदाच म्हणाला, "मी सांगलेलंय ना, वयनी?"

"सांगितलं होतंत," मी म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी विक्रेता अंधेरीला घरी आला. बरोबर इंग्रजीत टाइप केलेला कागद. ड्रायव्हरने सूचनांकडे दुर्लक्ष करून साखळी चुकीच्या जागी बांधली आणि अपघात झाला, असं त्यात लिहिलं होतं. खाली तीन सह्यांची जागा. माणूस त्या वेळी इस्पितळात होता, खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आणि हा कागद कंपनीत गेला की त्याची नोकरी गेलीच. भावजींनी चष्मा लावून कागद वाचला, सही केली आणि यांच्याकडे सरकवला.

मी दारात उभी होते. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग टाक उचलला आणि सही केली. तेच सुबक अक्षर.

भावजी म्हणाले, "तिला म्हणावं, खाली तिची सही लागेल. जमीन तिच्या नावावर आहे."

जमीन माझ्या नावावर असल्याचं त्या घराला तेवढ्यापुरतं आठवलं. मी कागद घेतला, वाचला, आणि विक्रेत्याला म्हणाले, "हे खोटं आहे. मी सही करणार नाही." त्याने भावजींकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझ्याकडे बघून बोला." तरी तो बोलला नाही. कागद घडी करून निघून गेला.

त्यानंतर घरात जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. सासूबाई म्हणाल्या, दिराला तुरुंगात पाठवणार आहेस का. भावजी म्हणाले, तिला माहेरी पाठव. माहेरी कुणी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. 

बुधवारी मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि एकटी फोर्टला गेले. दुकानात न जाता वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन बसले. दोन तास बसवून ठेवलं. साहेब वयस्क पारशी होते. मी घडलेलं क्रमाने सांगितलं आणि रात्रीच लिहून ठेवलेला मराठी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी टाइप केलेला कागद काढला, दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"माझे दीर."

"आणि हे?"

"माझे मिस्टर."

 "बाई, तुमचा धनी खोटा कागद लिहून देतो, असं तुम्ही बोलते?"

"हो," मी म्हणाले.

माझा आवाज बारीक झाला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. बाहेर पडल्यावर मात्र जिन्यात कठड्याला धरून मी बराच वेळ उभी राहिले. यांच्याविरुद्ध मी एका परक्या माणसासमोर साक्ष दिली होती. मला पश्चात्ताप झाला नाही. पण ही वेळ माझ्यावर यांनी आणली, या विचाराने डोकं भणभणत होतं. एक वाक्य बोलायचं होतं यांना. "दादा, तुम्हीच वर बांधायला सांगितलंत." ते बोलले असते तर मला फोर्टला यावं लागलं नसतं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी यांच्या कचेरीत टेलिफोन केला. मला हे नंतर कळलं. त्यांनी विचारलं, तुमच्या बायकोने लिहिलंय ते खरं की तुम्ही सही केली ते खरं? हे म्हणाले, "ती म्हणते ते खरं." ड्रायव्हरची नोकरी राहिली, इस्पितळाचा खर्च कंपनीने केला, आणि विक्रेत्याची दुसरीकडे बदली झाली. लोक म्हणतात, बघ, शेवटी तुझ्या नवऱ्याने खरं सांगितलं ना? सांगितलं. न दिसणाऱ्या माणसाला, टेलिफोनवर, भावाच्या नजरेआड. भावजींना त्यांनी स्वतःहून कधीच काही सांगितलं नाही.

भावजींना कळायचं ते कळलंच. महिन्याभरात आम्ही वेगळे झालो आणि बोरिवलीला स्टेशनाजवळ दोन खोल्या घेतल्या. मी लहान ट्रॅक्टर घेतला. त्याच दुकानातून, माझ्या नावावर, आणि या वेळी पुस्तक माझ्या हातात दिलं गेलं. पावसाळा सरल्यावर तोच ड्रायव्हर पंधरा दिवस जमिनीवर येऊन राहिला. एक खांदा आता दुसऱ्यापेक्षा खाली होता आणि डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे तो गाडीवर फारसा बसला नाही. खाली उभा राहून शिकवायचा. आधी घाणेरी कापून जाळली. मग एकेक खुंट, भोवती खणून, मुळं तोडून, हळूहळू. दिवसाला तीन, कधी दोनच. फणसाचे खुंट शेवटी काढले. तेव्हा मी तिथे थांबले नाही.

गाडी हे चालवायला शिकले, आणि मीही शिकले, सपाट जागेपुरती. यांचा हात चांगला होता. दोन आंब्यांच्या मधून गाडी अशी काढायचे की सालीला ओरखडा नाही. दर रविवारी सकाळी जायचे ते तिन्हीसांजेला यायचे, हातांना फोड आलेले असायचे. मी त्यांना तेल लावून द्यायची. आम्ही बोलायचो, जेवायचो, हसायचोही कधी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं मिटलंय.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिली चिकूची कलमं लावली त्या दिवशी दुपारी आम्ही आंब्याखाली भाकरी खायला बसलो होतो. हे एकदम म्हणाले, "मी त्या कागदावर सही करायला नको होती."

"नको होती," मी म्हणाले.

यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी आणखी काही म्हणेन असं यांना वाटत असावं. जाऊ दे, झालं ते झालं, असं काहीतरी. मी म्हणाले नाही. मला म्हणता आलं असतं, अवघड नव्हतं, पण ते खोटं झालं असतं, आणि त्या वर्षात मला खोट्याचा फार वीट आला होता. हे उठले, ओहोळावर हात धुऊन आले आणि परत कामाला लागले.

भावजींनी मरेपर्यंत माझ्याशी बोलणं टाळलं. यांच्यामार्फत बोलायचे तेही बंद झालं. एका परीने ते बरंच झालं. बाकी मला आता सगळे सांगतात की इतक्या वर्षांनी कसला राग धरून बसलीस, माणसं गेली, दिवस गेले. मी म्हणते, माणसं गेली हे खरं. हेही गेले, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली, आणि शेवटच्या आजारपणात मी यांचं सगळं केलं, मनापासून केलं. पण त्या मंगळवारी यांनी माझ्याकडे एकदा पाहून टाक उचलला, ते मला आठवलं की आजही अंगाची आग होते.